अण्णांचा मध्यम

गेल्या दिवाळीच्या आवराआवरीत आमच्या माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेतून एक कॅसेट निघाली. वर निळ्या शाईत लिहिलेले: 'गणपती १९८८. अण्णा. बिहाग, भैरवी.' अक्षर आमच्या जुन्या शेजाऱ्यांचे. गृहस्थ गाण्याचे नव्हते, यंत्रांचे होते. ज्या घरी तंबोरा जुळताना ऐकू येईल तिथे आपला टेपरेकॉर्डर घेऊन हजर होत. आता त्यांचे यंत्रही नाही आणि तेही नाहीत. कॅसेट वाजवायला चालते यंत्र मिळवण्यात माझे आठ दिवस गेले. अखेर जुन्या शहरातल्या एका दुरुस्तीवाल्याने आपल्या अडगळीतून एक काढून दिले, आणि एका रात्री जेवणे आटोपल्यावर मी अण्णांना ऐकायला बसलो.

अण्णा, म्हणजे माझे वडील, मध्य भारतातल्या एका मराठी संस्थानचे दरबारी गवई. पण दरबाराचे सुख त्यांना फार काळ लाभले नाही. विसाव्या वर्षी नेमणूक झाली आणि वर्ष-दीड वर्षात, १९४८ साली, संस्थानच मध्य भारतात विलीन झाले. पुढे १९५६ साली नवा मध्य प्रदेश झाला, भोपाळ राजधानी ठरली, आणि ग्वाल्हेर, इंदूर, नागपूर अशा तिन्ही बाजूंनी मराठी कारकून, मास्तर, इंजिनियर इकडे आले. त्या गर्दीत अण्णाही सरकारी शाळेचे संगीतशिक्षक होऊन टी. टी. नगरच्या क्वार्टरात राहायला आले. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरची कथा याहून फारशी वेगळी नसेल. मी त्यांना उतारवयात झालो. ताई माझ्याहून चौदा वर्षांनी मोठी. अण्णांनी शिकवलेल्या चिजांवरच गेली वीस वर्षे माझे घर चालले आहे.

त्यातली बिहागातली एक चीज माझी विशेष लाडकी. ती शिकवायला घेताना मी विद्यार्थ्यांना दर वेळी सांगत आलो, "ही आमच्या घरची. अण्णांकडून आली तशीच तुम्हांला देतो आहे, हिच्यात माझे काही नाही." आणि मग मुखडा म्हणून दाखवी. त्यात पंचमावरून तीव्र मध्यमाला हलका स्पर्श करून गंधारावर येणे, लगेच शुद्ध मध्यम घेऊन पुन्हा गंधारावर विसावणे, ही जागा आली की मला अण्णा डोळ्यांपुढे दिसत. त्या तीव्र मध्यमावर त्यांचा डावा हात किंचित वर उचलला जाई आणि गंधारावर अलगद मांडीवर येई.

कॅसेटमधल्या बिहागात तो तीव्र मध्यम नाही. मुखड्यात नाही, अंतऱ्यात नाही, तानांत नाही. पंचमावरून अण्णा सरळ शुद्ध मध्यमावर येतात आणि गंधारावर थांबतात. वीस मिनिटांच्या गाण्यात एकदाही त्या स्वराला ते शिवलेले नाहीत.

पहिला संशय मी यंत्रावर घेतला. जुनी फीत, सैल पट्टा. काय वाजेल ते खरे कशावरून? पण हा संशय दोन मिनिटेही टिकला नाही. फीत हळू चालली तर सगळे गाणेच खाली उतरते. षड्ज उतरतो तसा मध्यमही उतरतो, तंबोराही उतरतो, दोन स्वरांमधले अंतर जसेच्या तसे राहते. सर्व स्वर जागच्या जागी ठेवून एकट्या तीव्र मध्यमाला वेचून काढील असा बिघाड कुठल्याही यंत्रात नसतो. दुसरा संशय, की त्या रात्री अण्णांनी मुद्दाम तसे गायले असेल. तोही टिकेना. जुन्या मंडळींचा बिहाग असाच होता हे मला पुस्तकातून ठाऊक होते. त्यांच्याकडे तीव्र मध्यम नसे, नाहीतर नुसता निसटता असे. म्हणून तर पंडित भातखंड्यांनी हा राग बिलावल थाटात बसवला, आणि परीक्षेच्या पेपरात 'बिहाग, थाट बिलावल' असे लिहून मी गुणही मिळवले आहेत! लिहिताना एकदाही मनात आले नाही की आपल्या घरच्या बिहागात तर तीव्र मध्यम नांदतो आहे, मग हा बिलावल कसा?

गोष्ट एवढ्यावर थांबती तर मी ती वर्तमानपत्रात लिहिली नसती. पण त्या रात्री मला दुसरी एक दुपार आठवली.

साल २००६. मी नुकताच एम. ए. होऊन घरी वर्ग सुरू केलेला. पुढच्या खोलीत दहा-अकरा वर्षांची एक मुलगी हीच चीज शिकत होती. अण्णा आतल्या खोलीत अंथरुणावर. वय एकोणऐंशी, नजर गेलेली, कान मात्र शाबूत. मुखडा तीन-चारदा झाला असेल, इतक्यात आतून आवाज आला, "हा मध्यम कुणाचा रे?" मी म्हणालो, "तुमचाच, अण्णा. तुम्ही विसरलात." आतून पुढे काही आले नाही. मी चीज पुरी केली. दोन वर्षांनी ते गेले, आणि त्या दोन वर्षांत बिहागचा विषय त्यांनी माझ्यापाशी काढला नाही.

मी त्यांना विसराळू ठरवले, आणि विसरलो होतो मी. पण 'विसरलो' हा शब्दही इथे लागू पडत नाही. विसरणे म्हणजे जागा रिकामी होणे. माझी जागा रिकामी मुळीच नव्हती. तिथे एक स्वर होता, तो घेणारा गळा होता, वर उचललेला डावा हात होता. हे सारे आले कुठून? अण्णांकडून मी ती चीज दहाव्या-अकराव्या वर्षी घेतली. त्यानंतर रेडिओवर, रेकॉर्डींवर, मैफलींत, परीक्षकांपुढे जे शेकडो बिहाग कानांवरून गेले, त्या सगळ्यांत दोन्ही मध्यम होते. आजचा बिहाग तसाच आहे, आणि त्या तीव्र मध्यमानेच तो ओळखला जातो. बिहाग म्हणजे काय हे ज्ञान एकदा कानात पक्के झाले, की त्या ज्ञानाने मागे जाऊन अण्णांचाही बिहाग दुरुस्त केला. मला न विचारता केला, आणि पुरावा म्हणून एक हातही रंगवून ठेवला.

या गोष्टीचा शोध विलायतेत फार पूर्वी लागलेला आहे. केंब्रिजचे फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ साली स्मरणावर एक ग्रंथ लिहिला, तो मानसशास्त्रात आजही मानला जातो. त्यांनी उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींची भुतांच्या लढाईची एक कथा इंग्रजांना वाचायला दिली आणि मग काही मिनिटांनी, काही दिवसांनी, काहींना तर कित्येक वर्षांनी ती पुन्हा सांगायला लावली. कथा इंग्रजी कानाला विचित्र. दोन तरुण सील नावाच्या समुद्री प्राण्याच्या शिकारीला नदीवर जातात, भुतांच्या लढाईत सापडतात, आणि शेवटी त्यांतल्या एकाच्या तोंडातून काहीतरी काळे बाहेर पडते व तो मरतो. परत सांगताना सीलची शिकार जाऊन तिथे साधी मासेमारी आली. त्यांच्या लांबट डोंग्याची साधी होडी झाली. तोंडातले काळे काहीतरी कुणाच्या कथेत फेस झाले. भुते तर कित्येकांच्या कथेतून पार नाहीशी झाली. इंग्रजांनी ती कथा नकळत इंग्रजी करून घेतली. कुणी लबाडी केली नाही. जे आपल्याला आधीपासून ठाऊक आहे त्याच्या घडीत जे बसेना, ते त्यांच्या मनाने बसते करून घेतले.

बार्टलेटसाहेबांचे म्हणणे असे, की आठवणे म्हणजे कोठीतून ठेवलेली वस्तू काढून आणणे नव्हे, ती दर वेळी नव्याने घडवणे आहे. त्यासाठी त्यांनी टेनिस-क्रिकेटच्या फटक्याचा दाखला दिला आहे: फटका अगदी नवाही नसतो आणि जुन्याची हुबेहूब नक्कलही नसतो. त्यांना आपला ख्याल ठाऊक असता तर तो दाखला त्यांना अधिक सोयीचा पडला असता असे मला आपले वाटते. चीज बांधलेली असते, पण गाताना ती दर वेळी रागाच्या ज्ञानातूनच उभी करावी लागते.

वाचून समाधान होईना, म्हणून माझ्या वर्गात मी एक छोटी गंमत करून पाहिली. भूपाची एक ओळ पेटीवर वाजवली आणि तिच्यात मुद्दाम एका ठिकाणी मध्यम टाकला. भूपात मध्यम वर्ज्य, हे शिकणाऱ्याला पहिल्याच महिन्यात कळते. मग दहा मिनिटे इतर गप्पा मारून एकेकाला ती ओळ म्हणायला सांगितली. दोन महिन्यांपूर्वी आलेल्या एका लहान मुलाने मध्यमासकट ओळ परत दिली. त्याचा सूर डगमगत होता, पण माल पुरा होता. विशारद होऊन बसलेल्या दोघांनी गोड, सुरेल, शुद्ध भूप म्हणून दाखवला. मध्यमाचे नावही नाही. त्यांतल्या एकीला मी विचारले, "मध्ये काही वेगळे लागले का?" ती म्हणाली, "नाही सर, तुम्ही भूपच वाजवलात की!" ही काही शास्त्रीय परीक्षा नव्हे, तीन विद्यार्थ्यांवरून कुणी सिद्धांत बांधू नये. पण अण्णांच्या खोलीकडे पाहून मला त्या मुलीला हसता आले नाही.

अर्थात एवढ्यावरून पूर्वज्ञानाला गुन्हेगार ठरवून मोकळे होणे बरोबर नाही. ते नसते तर आपल्या गाण्यातले काहीच उरले नसते. ग्वाल्हेरची ती प्रसिद्ध कथा गाणाऱ्या घरांतून सर्वांनी ऐकलेली आहे. बडे महंमदखाँ आपली तानबाजी कुणाला शिकवीत ना. तेव्हा शिंदे सरकारांनी हद्दूखाँ-हस्सूखाँ या तरुण भावांना आडोशाला बसवून त्यांचे गाणे रोज ऐकवले, आणि त्या दोघांनी ती सारी गायकी ऐकून ऐकून उचलली. किती दिवस ऐकले ती मुदत सांगणाऱ्यागणिक बदलते. माझ्या लहानपणी ती सहा महिने होती, एका बुवांकडे ती काही वर्षांवर गेलेली मी ऐकली आहे. ते असो. मुद्दा असा, की त्या आडोशाला बिनगाणारा माणूस बसवला असता तर त्याच्या पदरी काय पडले असते? भावांच्या घरात ख्याल मुरलेला होता. त्यांना तान ऐकू येई ती शंभर सुट्या स्वरांची रास म्हणून नव्हे, चार-पाच ओळखीच्या वळणांची एक गुंफण म्हणून. वळणे ध्यानात ठेवायची, स्वर आपोआप येतात.

बुद्धिबळाविषयीही हेच दिसून आले आहे. अमेरिकेत चेस आणि सायमन या दोघा संशोधकांनी १९७३ साली पट्टीच्या खेळाडूला खऱ्या डावातला पट पाच सेकंद दाखवून झाकला, तर त्याने नवशिक्याच्या कितीतरी पट अधिक सोंगट्या जागच्या जागी मांडून दिल्या. तीच मोहरी पटावर वाटेल तशी विखरून ठेवली तेव्हा मात्र उस्तादाची मिजास उतरली. तो नवशिक्याच्या पंक्तीला येऊन बसला. म्हणजे त्याची स्मरणशक्ती जगावेगळी नव्हती, त्याला डाव ठाऊक होते. जी जाण आपल्याला हजार चिजा सांभाळू देते, तीच त्यांतल्या एखादीचा मध्यम बदलून ठेवते. दोन्ही कामे करणारा हात एकच आहे, म्हणून त्याला पकडता येत नाही.

हे केवळ गाण्यातच होते असेही नाही. आपल्या भोपाळपासून पंचेचाळीस किलोमीटरवर भीमबैठका आहे. आपण सगळेच पाहुण्यांना तिथे नेऊन आणतो. त्या एका टेकडीवर कोणी काय काय पाहिले ते ऐकण्यासारखे आहे. गावकऱ्यांना महाभारत ठाऊक, त्यांनी तिथे भीमाला बसवले. १८८८ साली किनकेड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने स्थानिक माहितीवरून त्या जागेचा उल्लेख केला तो बौद्ध स्थान म्हणून. सांचीच्या मुलखात वावरणाऱ्याला दुसरे काय सुचणार, असे मला वाटते. मग १९५७ साली नीमचचे आपले विष्णु श्रीधर वाकणकर तिथे गेले. आगगाडीतून दुरून ते खडक त्यांना दिसले आणि इथे चित्रे असली पाहिजेत असे त्यांच्या मनाने घेतले, असे सांगतात. ते स्वतः चित्रकार, आणि चित्रे असलेल्या गुहा त्यांच्या नजरेत बसलेल्या. त्यांना आदिमानवाची चित्रे दिसली, कारण काय पाहायचे ते त्यांना ठाऊक होते. आणि ती खरोखरच तिथे होती. २००३ साली युनेस्कोने ते स्थान जागतिक वारशात घेतले.

पण याच टेकडीने २०२१ साली दुसरी तऱ्हाही दाखवली. काही भूवैज्ञानिकांनी तिथल्या मोठ्या गुहेच्या छताशी पानासारखी शिरा-शिरांची एक आकृती पाहिली आणि पंचावन्न कोटी वर्षांपूर्वीच्या डिकिन्सोनिया या प्राण्याचा तो ठसा असल्याचे जाहीर केले. त्यांत त्या काळाच्या जीवाश्मांचा आयुष्यभर अभ्यास केलेले जाणते लोक होते, म्हणून तर त्यांना तो दिसला. पुढे दुसरे संशोधक जाऊन पाहतात तो ठसा खडकावरून सुटून गळू लागलेला! आग्यामाश्यांच्या जुन्या पोळ्याची ती खूण होती. २०२३ साली तसे प्रसिद्ध झाले आणि पहिल्या पक्षाच्या प्रमुखांनी आपली चूक मोकळेपणाने मान्य केली. मला त्या गृहस्थांविषयी फार आदर वाटला. आपल्याकडे पोळे गळून पडले तरी घराणे जीवाश्मच म्हणत राहते.

घराण्याचा विषय निघाला म्हणून सांगतो. चिजा पुस्तकात उतरल्या आणि गाणे मेले, असे म्हणणारी मंडळी अजून आहेत. आमच्या घरीही तो सूर होता. अण्णांच्या चोपड्यांत नुसते शब्द आहेत, वर राग आणि ताल. स्वर एकही लिहिलेला नाही. ते गळ्यात असायचे, कागदावर कशाला? अण्णांनी बिहागच्या त्या मुखड्यावर सात स्वरांची अक्षरे मांडून ठेवली असती तर मी त्यांना विसराळू म्हणू शकलो नसतो. भातखंडे वकिलीचा व्यवसाय सोडून गावोगाव हिंडले, उस्तादांची मनधरणी करून चिजा मिळवल्या, आणि स्वरलिपीसह 'क्रमिक पुस्तकमालिके'चे सहा भाग उभे केले. ग्वाल्हेरला १९१८ साली त्यांच्याच पद्धतीने माधव संगीत विद्यालय सुरू झाले. एकच चीज दोन घराण्यांत दोन तऱ्हेने मिळते हे गाणाऱ्यांना नवे नाही, आणि दोघेही आपापल्या आजोबांची शपथ घेतात. त्या शपथा खोट्या असतात असे मी पूर्वी समजे. आता तसे म्हणवत नाही. लिहिलेला स्वर रुक्ष असेल, त्यात मींड नाही, आस नाही, कण नाही, हे सारे मान्य. पण रात्रीतून उठून तो स्वतःला दुरुस्त करीत नाही.

कॅसेट ऐकल्यावर चार-पाच दिवस मी बिहाग शिकवायला घेतलाच नाही. मग इंदूरला ताईला फोन केला. कॅसेटची हकीकत सांगितली, २००६ सालची ती दुपारही सांगितली. त्या वेळी ती माहेरपणाला आलेली होती आणि स्वयंपाकघरात चहा करीत होती. मला वाटले, ती रडेल.

ताई म्हणाली, "तू असं काही बोललाच नाहीस. अण्णांनी विचारलं खरं, मध्यम कुणाचा म्हणून. तू म्हणालास, थांबा अण्णा, मुलीचा वर्ग चालू आहे."

"आणि ते गप्प झाले ना?"

"गप्प कसले? मी चहा घेऊन गेले तर तुझीच जागा गुणगुणत होते. मला म्हणाले, पोराचा मध्यम गोड लागतो गं."

मी फोन ठेवला आणि बराच वेळ बसून राहिलो. ताईचे खरे असेल तर माझ्यावरचा भार उतरतो. पण ताईच्या आठवणीतले अण्णा कधी कुणावर रुसलेलेच नाहीत. चाळीस वर्षांत तिने त्यांच्याविषयी एकही कडू गोष्ट मला सांगितलेली नाही. आणि माझी दुपार? 'तुम्ही विसरलात' हे शब्द मी कॅसेट ऐकण्यापूर्वी कधी आठवले होते का, हे मी मनाशी पुष्कळ ताडून पाहिले. दुपार आठवत होती, प्रश्न आठवत होता. उत्तर कॅसेटच्या आधीचे की नंतरचे, ते मला शपथेवर सांगता येत नाही.

राहता राहिली ती मुलगी. ती आता पुण्याला असते, तिलाच मुलगी झाली आहे. मोठ्या संकोचाने मी तिला विचारले.

"आजोबांनी आतून हाक मारली होती का ते नाही आठवत, सर," ती म्हणाली. "तो बिहाग होता होय? मला तेव्हा रागांची नावं कुठे कळत होती! तुमच्याकडचा पंखा मात्र आठवतो. फार कुरकुरायचा."

पंखा अजून तोच आहे. सोमवारच्या वर्गाला मी मुलांना आधी कॅसेट ऐकवली, मग माझा मुखडा म्हटला, आणि दोन्ही मुखडे स्वर घालून वहीत उतरवून घ्यायला सांगितले. वर तारीख घालायलाही सांगितली.